झाकली मूठ आणि चौथे कलम

दिवाळी आणि दिवाळे हे दोन शब्द आपल्या भाषेत सख्ख्या शेजाऱ्यांसारखे नांदत आले आहेत. पहिला आपण तोंड भरून उच्चारतो. दुसरा निदान सणासुदीला तरी कोणी काढू नये, असा घरोघरचा शिरस्ता आहे. तो मोडण्याची परवानगी मी वाचकांकडे आधीच मागून ठेवतो. जुन्या काळी एखादी पेढी बुडाली, म्हणजे तिचा मालक भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, आणि त्या दिव्यावरूनच ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगतात. उन्हात जळणारा दिवा पाहिला की रस्त्याने जाणारा समजे, की या पेढीवर आता कोणी पैसा ठेवू नये. त्या दिव्याने मालकाची अब्रू जात असेल. पण दहा अनोळखी माणसांची पुंजी वाचत असे.

पुढे व्यवहार शहाणा झाला आणि हा दिवा विझला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण सर्वांनी पाठ केली. ज्याची पेढी काल बुडाली, तो आज दुसऱ्या गल्लीत नवी पाटी लावू लागला आणि नव्या गिऱ्हाइकाला जुन्या गल्लीची वार्ताही कळेनाशी झाली. एका बँकेच्या कर्जविभागात माझी छत्तीस वर्षे गेली. या काळात मुठी पुष्कळ पाहिल्या. आपणहून उघडलेल्या फार थोड्या. म्हणूनच, मूठ उघडून दाखवण्याची कायद्याने सक्ती करणारा एक कागद अमेरिकेत माझ्या हाती आला, तेव्हा मला त्याचे मोठे अप्रूप वाटले. त्याचीच ही हकीकत.

नाव त्यांचे, पैसा तुमचा

फ्रँचायझी हा शब्द आता आपल्याकडे वडापावच्या गाड्यांपासून बालवाड्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्यातली मेख एवढीच, की दुकान तुमचे, भांडवल तुमचे, राबणे तुमचे. नाव, कृती आणि पद्धत मात्र दुसऱ्याची. त्या नावासाठी सुरुवातीला एक ठोक प्रवेश फी भरायची आणि पुढे विक्रीतला ठरावीक हिस्सा रॉयल्टी म्हणून देत राहायचे.

अमेरिकेत ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. कर्नल सँडर्स यांच्या तळलेल्या कोंबडीचे पहिले फ्रँचायझी दुकान १९५२ साली सॉल्ट लेक सिटीजवळ निघाले. रे क्रॉक यांनी मॅकडोनल्डचे आपले पहिले दुकान १९५५ साली शिकागोजवळ उघडले. त्यांचा उत्कर्ष पाहून साठीच्या दशकात जो तो आपले नाव विकायला निघाला. नट, गवई, खेळाडू यांची नावे दुकानांच्या पाट्यांवर चढली. मिनी पर्ल या विनोदी नटीच्या नावाने नॅशव्हिल शहरात कोंबडीच्या दुकानांची अशीच एक कंपनी निघाली. करारावर सही झाली, की पैसा पुरता हाती येण्यापूर्वीच ही कंपनी संपूर्ण फी उत्पन्नाच्या बाजूला मांडून मोकळी होई. विकलेले हक्क पुष्कळ आणि उघडलेली दुकाने थोडी, असा तो मामला होता. हिशेबाची ही तऱ्हा चव्हाट्यावर आल्यावर शेअरचे भाव कोसळले आणि सत्तरी उजाडता उजाडता सारा डोलारा खाली बसला.

अशा धंद्यांत घरे गहाण टाकलेली साधी माणसे हकनाक भरडली जातात, हे पाहून कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली देशातला पहिला फ्रँचायझी कायदा केला. पाठोपाठ इतर काही राज्यांनी केले. अखेर फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर १९७८ मध्ये साऱ्या देशासाठी नियम काढला आणि ऑक्टोबर १९७९ पासून तो लागू झाला. २००७ साली त्याची नवी घडी बसवण्यात आली. नियमाचा गाभा साधा आहे. हक्क विकणाऱ्याने ठरावीक तेवीस कलमांचे एक खुलासापत्र घेणाऱ्याच्या हाती द्यायचे. आणि ते दिल्यापासून पुरे चौदा दिवस उलटल्याखेरीज ना सही घ्यायची, ना एक डॉलर.

भाच्याच्या घरचे बाड

२०२३ च्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीत एडिसनला भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. वीस वर्षे संगणकाच्या नोकरीत मान मोडून त्याला आता स्वतःचे काही करावेसे वाटत होते. फळांचे रस आणि सँडविच विकणाऱ्या एका कंपनीशी त्याची बोलणी चालू होती. कंपनीचा माणूस दोनदा घरी येऊन गेला होता. मोठा गोडबोल्या! जाताना त्याने मुलांना टोप्या दिल्या आणि भाच्याला दोनशेहून अधिक पानांचे बाड.

“मामा, तुमचा जन्म कागद वाचण्यात गेला,” भाचा म्हणाला. “एवढं चाळून द्या. मला त्यात नुसती फीची पानं कळतात.”

फीची पाने मलाही कळली. प्रवेशाचे पस्तीस हजार डॉलर आणि दुकान उभे करायला सगळे मिळून साडेतीन लाखांच्या घरात. भाच्याची शिल्लक त्याच्या निम्मी. उरलेल्यासाठी राहते घर तारण ठेवायचे होते. त्या घराच्या माळ्यावर माझ्या बहिणीने भारतातून नेलेली पितळी भांडी होती आणि भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. तेव्हा बाड नुसते चाळण्यासारखे नव्हते.

पहिल्या कलमात कंपनीची कुळकथा, दुसऱ्यात चालकांचा अनुभव, तिसऱ्यात कोर्टकज्जे. चौथ्या कलमाचे नावच ‘दिवाळखोरी’. तेथे मी थबकलो. या कलमाची व्याप्ती पाहून कर्जविभागातल्या माणसाने टोपी काढावी! मागल्या दहा वर्षांत खुद्द कंपनीने, तिच्या मूळ कंपनीने, तिच्या पूर्वाधिकाऱ्याने किंवा संलग्न कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला असेल, किंवा घेणेकऱ्यांनी तिच्याविरुद्ध केला असेल, तर ते सांगायचे. एवढ्यावर भागत नाही. कंपनीचे अधिकारी आणि फ्रँचायझीचा कारभार पाहणारी माणसे यांच्या खासगी दिवाळखोरीचाही खुलासा करायचा. आणि पुढे तर आणखी एक पाऊल: यांपैकी कोणी पूर्वी दुसऱ्या एखाद्या कंपनीचा प्रमुख अधिकारी असेल, आणि ती कंपनी त्याच्या कारकिर्दीत किंवा तो गेल्यावर वर्षभरात दिवाळखोरीत निघाली असेल, तर तेही नोंदवायचे. अर्जाची तारीख, कोर्टाचे नाव, खटल्याचे नाव आणि क्रमांक, ऋणमुक्ती मिळाली असल्यास तिची तारीख, सारे काही. परदेशातली दिवाळखोरीही यातून सुटत नाही.

या कंपनीच्या चौथ्या कलमात सात ओळी होत्या. कारभार पाहणारे एक अधिकारी पूर्वी दुसऱ्या एका खाद्यपदार्थांच्या साखळीचे प्रमुख होते आणि त्या साखळीने सहा वर्षांपूर्वी सातव्या प्रकरणाखाली अर्ज केला होता. गोडबोल्या माणसाने दोन्ही भेटींत याचा चकार शब्दही काढला नव्हता.

अमेरिकन कायद्यात सातवे प्रकरण आणि अकरावे प्रकरण यांत महदंतर आहे. अकराव्यात कंपनी चालू राहते. देणी नव्याने बांधून घेऊन ती उभी राहू पाहते. सातव्यात दुकानाला टाळे लागते, आणि जे काही आहे ते विकून घेणेकऱ्यांत वाटले जाते.

भाच्याची बायको मोठी न्यायी. ती म्हणाली, “मामा, एकदा पडला म्हणून माणूस कायमचा वाईट ठरतो का? इथे तर म्हणतात, बुडल्याशिवाय धंदा कळत नाही.”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. कायदाही त्या माणसाला धंदा करू नको असे म्हणत नाही. सांग आणि मग खुशाल कर, एवढेच त्याचे म्हणणे. दिवाळे हे पाप नव्हे. ते लपवून दुसऱ्याचा पैसा घेणे हे पाप. पण मग सांगितलेल्या गोष्टीचा उपयोग तरी काय करायचा? मी म्हटले, “सूनबाई, त्यांनी खटल्याचा क्रमांक दिलाय तो शोभेला नाही. आपण तो खटला वाचू.”

अमेरिकेच्या फेडरल कोर्टांचे कागद कोणालाही घरबसल्या वाचता येतात. पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला फार तर तीन डॉलर. आणि तिमाहीचे बिल तीस डॉलरांच्या आत असेल तर तेही माफ. भाच्याने रात्री खटला उघडला. पहिल्या कागदांतच घेणेकऱ्यांची यादी होती. बँका, भाजीपाला पुरवणारे, जागेचे मालक. आणि त्यांच्या खाली ओळीने माणसांची नावे. त्यांनी प्रवेश फी भरली होती आणि त्यांची दुकाने उघडलीच नव्हती. त्यांची येणी विनातारण. बँकेने आपल्या तारणाचा वाटा उचलल्यावर जो काही चुरा उरेल, त्यात यांचा हात. यादीत दोन आडनावे आपल्याकडची होती. भाचा बराच वेळ त्या पानावरून पुढे गेला नाही.

एका कलमावरून दुसऱ्या कलमावर

तरीही केवळ त्या सात ओळींवरून निकाल देणे मला प्रशस्त वाटेना. जुनी साखळी का बुडाली, हे खटल्यातून दिसत होते: नव्या लोकांच्या प्रवेश फीवर तिचा संसार चालला होता. प्रश्न असा, की नवीही त्याच वाटेने चालली आहे काय? त्याचे उत्तर एकविसाव्या कलमात सापडण्यासारखे होते. तेथे कंपनीला तीन वर्षांच्या कारभाराचे तपासलेले हिशेब जोडावे लागतात.

वाचकहो, यातले गणित अगदी घरगुती आहे. निरोगी फ्रँचायझी कंपनी रॉयल्टीवर जगते. म्हणजे जुनी दुकाने चालतात, म्हणून ती चालते. आजारी कंपनी प्रवेश फीवर जगते. म्हणजे रोज नवा माणूस आत ओढला, तरच तिची चूल पेटते. आम्ही तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. प्रवेश फी वाढत होती, रॉयल्टी जागच्या जागी होती. विसाव्या कलमात उघडलेल्या, बंद पडलेल्या आणि हस्तांतरित झालेल्या दुकानांचे तक्ते असतात. उघडणाऱ्यांच्या पाठोपाठ मिटणारेही वाढत होते. त्याच कलमात वर्षभरात सोडून गेलेल्या दुकानदारांची नावे आणि संपर्क असतात. भाच्याने सहा जणांना फोन केले. दोघांनी बोलायचे टाळले. तिघे म्हणाले, कंपनीचे लक्ष नवे दुकान विकण्याकडे. विकलेल्याकडे कोणी फिरकत नाही. सहावा मात्र म्हणाला, की माझी जागाच चुकली होती, कंपनीला दोष देणार नाही. हाही जबाब आम्ही वहीत मांडला. पंचनामा एकतर्फी असू नये.

बाराव्या दिवशी गोडबोल्याचा फोन आला, की तुमच्या गावासाठी दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. भाचा म्हणाला, “त्यांना द्या.” चौदा दिवसांचा अवकाश कायद्याने का ठेवला, ते मला त्या क्षणी कळले. माहिती कागदात असते. पण ती मनात उतरायला दिवस लागतात.

कंपनी बुडते तेव्हा

कोणी म्हणेल, कंपनीचे दिवाळे निघाले तर निघाले. माझे दुकान तर माझे आहे! येथेच फसगत होते. माल कंपनीमार्फत येतो, जाहिरात तिची असते आणि गिऱ्हाईक तिच्या पाटीकडे पाहून येते. शिवाय दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीला आपले चालू करार ठेवण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार तेथील कायदा देतो. करार नाकारला तरी नाव वापरण्याचा दुसऱ्याचा हक्क आपोआप विझत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या मे महिन्यात टेम्पनॉलॉजी या कंपनीच्या प्रकरणात दिला. हक्क शाबूत राहिला खरा. पण ज्या नावामागे कोणी उरले नाही, ते नाव घेऊन गल्ल्यावर किती दिवस बसणार?

नावाजलेल्या घरांवरही ही पाळी आली आहे. बोस्टन चिकन ही कंपनी १९९३ साली बाजारात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्या शेअरचा भाव दुपटीच्या वर गेला. दुकाने उघडणाऱ्यांना ती स्वतःच कर्जे देई आणि त्यांचा तोटा तिच्या ताळेबंदाबाहेर राही. ऑक्टोबर १९९८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००० साली ती मॅकडोनल्डने विकत घेतली. क्विझनोज ही सँडविचवाली कंपनी एके काळी हजारो दुकाने मिरवीत होती. तिने मार्च २०१४ मध्ये अकराव्या प्रकरणाचा आसरा घेतला. कंपनीकडूनच चढ्या दराने माल घ्यावा लागतो, ही तिच्या दुकानदारांची जुनी तक्रार होती.

आणि नियम आहे म्हणून सारे आलबेल, असेही नाही. बर्गरिम नावाच्या कंपनीने दीड हजारांहून अधिक लोकांना हक्क विकले, पन्नास ते सत्तर हजार डॉलर फी घेतली आणि बहुतेकांची दुकाने उघडलीच नाहीत, असा आरोप ठेवून फेब्रुवारी २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या वतीने तिच्यावर दावा लावण्यात आला. आवश्यक ती माहिती दडवल्याचा आरोपही त्यात होता.

चौथ्या कलमाला भोकेही आहेत. अकराव्या वर्षापूर्वीचे दिवाळे त्यात येत नाही. बुडत्या जहाजावरून दीड वर्ष आधी उतरलेला कप्तान त्यातून सुटतो. दिवाळखोरीच्या कोर्टात न जाता, घेणेकऱ्यांसाठी मालमत्ता तिऱ्हाइताच्या स्वाधीन करून गुंडाळलेला धंदा त्यात दिसत नाही. कोणताही सरकारी अधिकारी हे बाड तपासून खरे ठरवीत नाही, आणि तसे पहिल्याच पानावर छापावे लागते. काही राज्ये नोंदणी करून घेतात, पण तीही हमी नव्हे. या केंद्रीय नियमाच्या आधारे फसलेल्या माणसाला स्वतः कोर्टात जाता येत नाही. कारवाई कमिशनने करायची. त्याला दाद मागायची ती राज्याच्या कायद्यांखाली. तरीसुद्धा मी म्हणेन, की भोके पडलेली चाळणी हीदेखील चाळणीच. खडे तरी वर राहतात.

आपल्याकडे काय?

इतर देशांनीही हा धडा घेतला आहे. फ्रान्सने १९८९ साली कायदा करून वीस दिवस आधी माहिती देण्याचे बंधन घातले. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, आणि तेथे टोरांटोच्या आसपास आपली मराठी मंडळी बरीच आहेत, खुलासापत्र मुळीच दिले नसेल, तर दोन वर्षांपर्यंत करार रद्द करता येतो.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. शेअर विकणाऱ्या कंपनीला माहितीपत्रक काढावे लागते. पण निवृत्तीची पुंजी एका पाटीपायी ओतणाऱ्याला तसे पत्र देण्याची सक्ती नाही. आधार आहे तो १८७२ च्या करार कायद्याचा. त्याच्या सतराव्या कलमाखाली दिलेली घोड्याची उदाहरणे माझ्या मते प्रत्येक घरात ठाऊक असावीत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे! विकत घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र सांगणे त्याचे कर्तव्य. आणि घेणारा जर म्हणाला, की तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, आणि त्यावरही विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते.

फ्रँचायझी विकणारी कंपनी आपल्याला मुलगी मानीत नाही, हे उघड आहे. तेव्हा तिसऱ्या उदाहरणाचा मार्ग धरावा. सही करण्यापूर्वी कंपनीला पत्र लिहावे आणि पोच घ्यावी. तुमच्या कंपनीवर, संचालकांवर किंवा ते पूर्वी जिथे प्रमुख होते त्या धंद्यांवर दहा वर्षांत दिवाळखोरीची कारवाई झाली काय? तीन वर्षांत किती दुकाने उघडली आणि किती मिटली? सोडून गेलेल्यांचे पत्ते द्याल काय? कारवाई झाल्याचे तुम्ही कळवले नाही, तर ती झालेली नाही असे समजून मी सही करीत आहे, हे शेवटचे वाक्य विसरू नये. मसुदा वकिलाला दाखवून घ्यावा.

शिवाय स्वतःची चौकशी टाळू नये. साध्या तपासाने सत्य कळण्याजोगे होते आणि तुम्ही तो केला नाही, तर केवळ त्यांच्या मौनावर बोट ठेवून करार मोडता येत नाही, असे त्याच कायद्याचे एकोणिसावे कलम बजावते. तपास आता अवघडही राहिलेला नाही. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यापासून कंपन्यांविरुद्धच्या कारवाईच्या जाहीर सूचना भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. संचालकांची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. एकट्या मालकाच्या फर्मची माहिती मात्र तेथे मिळत नाही. तिच्यासाठी जुन्या दुकानदारांची दारे ठोठवण्याला पर्याय नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या वहीत कोणाच्या घरी अशा नव्या धंद्याचे पहिले पान मांडायचे घाटत असेल, तर माझे एवढेच सांगणे, की ते पान चौदा दिवस कोरे ठेवावे. कायद्याने आपल्याला ती मुदत दिलेली नाही. आपली आपण घ्यायला कोणाची आडकाठीही नाही. पत्राचे उत्तर आले तर वाचावे; नाही आले, तर त्या न येण्याची तारीख पानाच्या कोपऱ्यात टिपून ठेवावी आणि पान तसेच उलटावे.